काढायला-घालायला

पहाटे साडेपाचला पहिली बेल, सहकारनगर.
उपाशी माणसं दार उघडतात,
मी आधी चप्पल काढते, मग नाव विचारते,
मग दंडाला पट्टा बांधते.
सकाळची बावीस घरं म्हणजे
बावीस वेळा काढणं, बावीस वेळा घालणं.
लिफ्ट नसलेले जिने वेगळेच.

चप्पल तुळशीबागेतली, दोनशे ऐंशीची.
तो पाचशे सांगतो, मी वळते, तो हाक मारतो,
हे आमचं दोघांचं ठरलेलंच आहे.
चार महिने जाते. अंगठा उसवतो.
पेरूगेटापाशी निवृत्ती सातपुते वीस रुपयांत शिवतात,
दुसऱ्या खेपेला शिवतात आणि बोलतात,
तिसऱ्या खेपेला नुसती हातात घेऊन बघत राहतात,
मी बघते तशी
एखाद्या दंडात शीर सापडत नसली की.

हिशेब मला येतो.
वर्षाला तीन जोड, आठशे चाळीस, शिवणावळ सोडून.
चांगला बूट साडेतीन हजार, म्हणे चार वर्षं हलत नाही.
म्हणजे जवळपास तेवढेच की!
फक्त दोनशे ऐंशी पर्समध्ये असतात
आणि साडेतीन हजार दहा तारखेनंतर कुठेच नसतात.
आणि रात्री दोनला उठून
फरशीवर पहिलं पाऊल टेकवलं की टाचेतून जी कळ येते
तिचा दर कुठल्या रकान्यात लिहू?

नवी पेठेत पोंक्षे काका. दर महिन्याला साखर, क्रिएटिनिन.
एकदा म्हणाले, "डावी चप्पल बाहेरच्या अंगाने झिजते तुमची."
पलंगावरून उठत नाहीत ते. कळलं कसं?
"जिन्यात एक पाय टप् म्हणतो, दुसरा टपक्."
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं उभ्याने काढलेला माणूस.
दाराशी मांडणीवर त्यांचे तपकिरी बूट,
शहाऐंशी साली कॅम्पात घेतलेले,
पगार चौदाशे, बूट तीनशे दहा.
"ही आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी."
चार वेळा तळ बदललाय. सून अजून रविवारी पॉलिश करते.
शेवटच्या तळाला जिन्याची धूळसुद्धा माहीत नाही.
"घ्या चांगले," काका म्हणाले, "टिकतात."
मी कापूस ठेवला,
दोन मिनिटं दाबून धरा, म्हटलं.

लक्ष्मी रोडच्या दुकानात पोराने विचारलं,
"कशासाठी हवेत मॅडम? वॉकिंग, रनिंग, ट्रेकिंग?"
म्हटलं, "काढायला-घालायला."
तो हसला. मी नाही.
मग त्याने नाडीचे सगळे डबे बाजूला सारले
आणि एक बिननाडीचा आणला, करडा, जाड तळाचा.
पाय आत गेला.
कुणीतरी खुर्ची पुढे सरकवून "बसा जरा" म्हणावं, तसं.
(बावीस घरांत असं म्हणणारी घरं तीन.)
तीन हजार सहाशे पन्नास. घासाघीस नाही,
मागून हाक नाही.
कार्ड पुढे केलं आणि भिंतीकडे बघत राहिले,
सुई टोचताना पेशंट बघतात तशी.

घरी येऊन आतल्या बाजूला मार्करने लिहिलं,
ट्यूबवर लिहिते तसंच: नाव, तारीख, वेळ.
नवरा म्हणाला, "वय राहिलं."

नव्या बुटांनी नवी पेठेचा जिना चढले.
आतून काकांचा आवाज, "कोण?"
मीच हो, म्हटलं.
"अस्सं. ऐकूच आलं नाही."
सून दार ओढून घ्यायची विसरली होती.
खाली कुणाची तरी पावलं वाजली, वर आली,
थांबली.
माझी सुई शिरेत आणि जीव उंबऱ्याबाहेर.
दोनशे ऐंशीच्या चपलेने हे कधी केलं नव्हतं.
"आत आणून ठेवा आधी," काका म्हणाले,
"हात हलतोय तुमचा."